काळ्या रानातून ४७५ किलोहर्ट्झ : लो-फ्रीक्वेन्सी चाचणी आणि कोअरची निवड

हौशी रेडिओच्या (हॅमच्या) ६३० मीटर पट्ट्यावर, म्हणजे ४७५ किलोहर्ट्झच्या आसपास, माझ्या पहिल्या चाचणीत तीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर डमी लोडला, म्हणजे अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरला, जोडून चालू केला. दीड मिनिटातच फिल्टरमधून वार्निश तापल्याचा वास यायला लागला. एलसी मीटरवर कॉइलचा आकडा बरोबर होता, जोडणी बरोबर होती, सोल्डरही पक्कं होतं. चुकला होता कोअर, म्हणजे कॉइल ज्यावर गुंडाळतात ते कडं. लाल मिळाला नाही म्हणून मी पिवळा आणला होता. त्याची एक बाजू पांढरी होती आणि त्या पांढऱ्या बाजूला काही अर्थ असतो हे मला ठाऊक नव्हतं.

लो-फ्रीक्वेन्सीवर नव्याने येणारे बहुतेक जण पहिल्यांदा इथेच अडकतात. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) एखादा कोअर थोडा चुकला तरी काम निभावतं. इथे अँटेनापर्यंत पोचलेल्या शंभर वॅटमधला एखादाच वॅट हवेत जातो. बाकीचे कुठे मुरतात ते शोधणं हाच या छंदाचा मोठा भाग आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार भागात सुरुवात करणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने जावं, ते माझ्या अनुभवावरून सांगतो.

आधी परवाना वाचा

हौशी रेडिओसाठी लांब लहरींचे दोन पट्टे जगभर ठरले आहेत. १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ, म्हणजे २२०० मीटर, हा २००७च्या जागतिक रेडिओ परिषदेत मिळाला. ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ, म्हणजे ६३० मीटर, २०१२च्या परिषदेत. दोन्ही दुय्यम दर्जाचे आहेत, म्हणजे मुख्य वापरकर्त्याला अडथळा झाला तर आपण थांबायचं. प्रसारित शक्तीची मर्यादा एक वॅट ईआयआरपी, म्हणजे अँटेनाचा गेन धरून मोजलेली शक्ती, आहे. ६३० मीटरवर काही देशांत पाच वॅटपर्यंत मुभा आहे.

पण जगात पट्टा आहे म्हणून तो तुमच्या परवान्यात असेलच असं नाही. आपल्याकडे परवाना दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंगकडून मिळतो, परीक्षा देऊन, रिस्ट्रिक्टेड किंवा जनरल श्रेणीचा. त्यासोबतच्या तक्त्यात तुमच्या श्रेणीपुढे कोणते पट्टे, किती शक्ती आणि कोणत्या अटी आहेत ते शब्दन् शब्द वाचा. तिथे नसलेल्या फ्रीक्वेन्सीवर तारेतून एक मिलीवॅटही सोडायचा नाही. डमी लोडवरच्या चाचण्या, कोअरची मोजमापं आणि ऐकणं एवढ्यातच पहिलं वर्ष आनंदात जातं. तक्त्यात १६० मीटरचा पट्टा असेल तर तोच अँटेना, तीच जमीन आणि तीच मोजणी तिथे वापरून हात बसवता येतो.

ऐकायला बसा

ऐकण्यासाठी साधा एसडीआर (संगणकावर चालणारा रिसीव्हर) आणि दहा-पंधरा मीटर तार पुरते. रिसीव्हर लो-फ्रीक्वेन्सीपर्यंत उतरतो का, एवढं घेताना बघा. पहिलं लक्ष्य ५१८ किलोहर्ट्झ ठेवा. तिथे जहाजांना लेखी सूचना देणारा नॅव्हटेक्स असतो, मुंबईहूनही. प्रत्येक केंद्राला दर चार तासांनी दहा मिनिटं मिळतात, म्हणून धीर धरावा लागतो. पण ही फ्रीक्वेन्सी आपल्या ६३० मीटरला अगदी लागून आहे. रात्री मुंबईचा नॅव्हटेक्स संगणकावर नीट उलगडला, तर तुमचा रिसीव्हर आणि जागा दोन्ही कामाची. त्याखाली २०० ते ४१५ किलोहर्ट्झच्या टापूत विमानतळांचे दिशा दाखवणारे एनडीबी बीकन आपली ओळख मोर्समध्ये पुन्हा पुन्हा देत असतात. कागद घेऊन बसा आणि किती ऐकू आले ते लिहा. पुढे अँटेना बदलाल तेव्हा ही यादी मोजपट्टीसारखी कामाला येईल.

जळगाव परिसरात एक अडचण येते. आकाशवाणी जळगावची मिडियम वेव्ह आपण ९६३ किलोहर्ट्झवर ऐकत आलो. असा जोरकस सिग्नल जवळ असला की स्वस्त रिसीव्हरचं पुढचं टोक भरून जातं आणि ४७५वर नसलेले आवाज दिसू लागतात. रिसीव्हरच्या आधी ५५० किलोहर्ट्झच्या वरचं अडवणारा छोटा लो-पास फिल्टर लावा.

दुसरी अडचण गावातल्या विजेची. एलईडी दिवे, चार्जर, सोलर पंपाचे कंट्रोलर, भुसावळच्या बाजूला रेल्वेची २५ हजार व्होल्टची लाइन, साक्रीकडे पवनचक्क्यांचे इन्व्हर्टर, सगळ्यांचा गोंगाट नेमका याच टापूत पडतो. रानातली थ्री-फेज लाइट गेली की स्क्रीनवरचा मळ कसा खाली बसतो, ते एकदा बघाच. मी तर थ्री-फेजचं वेळापत्रक रेडिओशेजारीच चिकटवलं आहे. ज्या आठवड्यात लाइट दिवसाची असते, त्या आठवड्यात रात्री ऐकायला बसतो.

तार किती अपुरी आहे ते समजून घ्या

४७५ किलोहर्ट्झची लहर ६३१ मीटरची, तिची पाव लांबी १५८ मीटर. १३७ किलोहर्ट्झची पाव लांबी ५४७ मीटर. आपल्या शिवारात जास्तीत जास्त बारा मीटर उंच पाइप आणि त्याच्या टोकाला तीस मीटर आडवी तार जमते, उलट्या ‘एल’सारखी. फैजपूरकडच्या माझ्या मळ्यात हेच आहे. तार ताणत असताना बांधावरून जाणाऱ्या शेजाऱ्याने विचारलं होतं, “एवढी तार कसाले ताणी राहिना, भाऊ?” मी म्हटलं, आहे त्याच्या दसपट पाहिजे होती.

एवढीशी तार म्हणजे जमिनीसमोर धरलेला लहान कपॅसिटर. मीटरमागे पाच-सहा पिकोफॅरड धरले तर माझ्या तारेचे २२० पिकोफॅरड होतात. ४७५ किलोहर्ट्झला त्याचा एसी करंटला होणारा अडथळा, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स साधारण १५२० ओहम, १३७ला ५२८० ओहम. तो कापायला अनुक्रमे सुमारे ५१० मायक्रोहेन्री आणि ६.१ मिलिहेन्रीची कॉइल मालिकेत लागते.

आता रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे एकूण रेझिस्टन्समधला हवेत जाणाऱ्या शक्तीचा वाटा. आडवी तार भरपूर लांब असेल तर उंचीला लहरीच्या लांबीने भागा, वर्ग करा आणि १५७९ने गुणा. बारा मीटरला ६३० मीटरवर उत्तर येतं ०.५७ ओहम, २२०० मीटरवर ०.०५पेक्षाही कमी. आडवी तार आखूड पडली की तेही घटतं. जमिनीचा आणि कॉइलचा तोटा मिळून पन्नास ओहम धरला, तर ६३०वर शंभरातला एखादा वॅट हवेत जातो, २२००वर हजारातला एखादा. हाच पाइप १६० मीटरवर आठ ओहमच्या आसपास देतो, म्हणून नवख्याला तिथून सुरुवात सोपी जाते.

एक वॅट ईआयआरपीसाठी हवेत प्रत्यक्ष एक तृतीयांश वॅटच जावा लागतो, कारण जमिनीवरच्या आखूड उभ्या अँटेनाचा गेन तीनपट धरतात. ६३०वर त्यासाठी तारेत पाऊण अँपिअरपेक्षा थोडा जास्त करंट पुरतो, म्हणजे पन्नास ओहमच्या तोट्यात तीस वॅट. २२००वर अडीच अँपिअरच्या वर करंट आणि साडेतीनशे वॅट. पहिला उन्हाळा-हिवाळा ६३०वरच काढा असं मी सांगतो ते यासाठी.

कोअर : इथे घाई करू नका

बाजारात दोन घराणी आहेत. एक लोहचूर्णाचं, म्हणजे लोखंडाची अगदी बारीक पूड बाइंडरमध्ये दाबून केलेले टोरॉइड, म्हणजे कडी. यांना रंग असतात. दुसरं फेराइटचं, म्हणजे भाजलेलं काळं-करडं चिनीमातीसारखं द्रव्य. त्यावर रंगाची खूण बहुधा नसते, असली तरी ती द्रव्य सांगत नाही.

लोहचूर्णात म्यू, म्हणजे चुंबकीय पारगम्यता, कमी असतो, पण कॉइलची फ्रीक्वेन्सी तापमानाने फारशी सरकत नाही आणि कोअर चुंबकत्वाने लवकर भरून जात नाही. रंगावरून पुडीचं मिश्रण, म्हणजे मिक्स, कळतं. लाल, म्हणजे मिक्स-२, म्यू १०. पिवळा, म्हणजे मिक्स-६, म्यू साडेआठ. निळा मिक्स-१, म्यू २०. करडा मिक्स-३, म्यू ३५, जो ५०० किलोहर्ट्झच्या खाली फिल्टरसाठी छान चालतो. मिळाला तर सोडू नका. लाल-पांढरा मिक्स-१५, म्यू २५, हाही आपल्या कामाचा. आणि पिवळा-पांढरा मिक्स-२६, म्यू ७५. हा संगणकाच्या एसएमपीएसमध्ये (पॉवर सप्लायमध्ये) चोकसाठी भरलेला असतो, भंगारात ढिगाने मिळतो आणि रेडिओ फ्रीक्वेन्सीवर वॅट अक्षरशः खातो. तिथे त्याचं कामच डीसीवरची लहर जिरवण्याचं आहे. हिरवा-निळा मिक्स-५२ त्याचाच भाऊ. रंग बघताना टोरॉइडच्या दोन्ही बाजू बघा. माझी चूक इथेच झाली.

फेराइटमध्ये दोन पोटजाती. मँगनीज-झिंक, म्यू साधारण दोन हजार आणि वर, एक मेगाहर्ट्झच्या खाली तोटा कमी. निकेल-झिंक, म्यू काही दहांपासून हजारापर्यंत, वरच्या फ्रीक्वेन्सीसाठी. एचएफवाले मित्र ४३ नंबरचा फेराइट वापरायला सांगतात. तो निकेल-झिंक आहे, म्यू ८००, आणि ४७५वर बऱ्यापैकी चालतो. पण आपल्या फ्रीक्वेन्सीचे खरे धनी ७७ नंबर, एन८७, ३सी९० असे मँगनीज-झिंक पॉवर फेराइट आहेत. गंमत म्हणजे तेच फेराइट संगणक आणि टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या रूपात बसलेले असतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये दुरुस्तीवाल्यांकडून एखादा मेलेला एसएमपीएस उचला, त्याचा मोठा ट्रान्सफॉर्मर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात उकळा, गोंद सैल झाला की हलक्या हाताने कोअर सुटा करा. ओढाल तर तुटेल. चार्जर आणि टीव्हीच्या फ्लायबॅकच्या कोअरमध्ये मात्र मधल्या पायाला मुद्दाम ठेवलेली फट असते. ती असेल तर इंडक्टन्स अपेक्षेच्या खूप खाली येतो.

नंबर नसलेला कोअर हातात आला तर तीन गोष्टी करा.

पहिली, मल्टीमीटर. कोअरवर रंगाचा थर असेल तर कोपऱ्यात थोडा खरवडा आणि दोन टोकं टेकवा. काही किलोओहम ते काहीशे किलोओहम दिसले तर मँगनीज-झिंक. मीटर हललाच नाही तर निकेल-झिंक असण्याची शक्यता मोठी.

दुसरी, दहा वेढे. कोअरमधून तार दहा वेळा काढा आणि एलसी मीटरवर इंडक्टन्स घ्या. मायक्रोहेन्रीतल्या आकड्याला दहाने गुणलं की ए-एल मिळतो, नॅनोहेन्री दर वेढ्याच्या वर्गामागे. मग कॅलिपरने बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि उंची मिलिमीटरमध्ये मोजा. बाहेरच्या व्यासाला आतल्याने भागून त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, त्याला उंचीने आणि ०.२ने गुणा, आणि या उत्तराने ए-एलला भागा. आलेला आकडा म्हणजे म्यू. उदाहरण घ्या : बाहेरचा व्यास ३५.५, आतला २३, उंची १२.७, दहा वेढ्यांना ८८ मायक्रोहेन्री. ए-एल ८८०, भाजक १.१, म्यू ८००. म्हणजे हा ४३ असावा. अशाच मापाच्या टोरॉइडला २००० आला तर ७७ किंवा त्याच्या जातीचा.

तिसरी सर्वांत महत्त्वाची, आणि मी तीच वगळली होती. एलसी मीटर इंडक्टन्स सांगतो, तोटा सांगत नाही. माझ्या पिवळ्या-पांढऱ्या कोअरवर वेढे कमी करून मी १६ मायक्रोहेन्री जुळवले आणि मीटरने मान डोलावली. तोटा बघायला कॉइल आणि चांगला पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर मालिकेत जोडा. ही जोडी नॅनोव्हीएनए या मोजणीच्या छोट्या यंत्राच्या दोन पोर्टांना जोडणाऱ्या तारेपासून जमिनीला लावा. जुळलेल्या फ्रीक्वेन्सीला आलेखात खोल खाच पडते. खाच ३४ डीबी असेल तर जोडीचा मालिका रेझिस्टन्स अर्धा ओहम; ४० डीबी असेल तर पाव ओहम; १६ डीबीच असेल तर पाच ओहम. ५० ओहम रिअ‍ॅक्टन्सच्या कॉइलसाठी अर्धा ओहम म्हणजे क्यू (रिअ‍ॅक्टन्स भागिले रेझिस्टन्स) १००, पाच ओहम म्हणजे क्यू १०. तीस वॅटला पाच ओहमच्या एकाच कॉइलमध्ये तीन वॅट मुरतात, तेही करंगळीएवढ्या तारेत आणि कोअरमध्ये. माझा वास तिथून येत होता.

आता कामानुसार निवड.

फिल्टरची कॉइल : लाल मिक्स-२. ४७५ किलोहर्ट्झला ५० ओहम रिअ‍ॅक्टन्स म्हणजे १६.८ मायक्रोहेन्री. टी-१०६-२ टोरॉइडचा ए-एल १३.५, म्हणून ३५ वेढे. वीस गेजची इनॅमल वायर एका थरात बसते. ही वायर ऑनलाइन मागवू नका. गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते, आणि कोणत्या वायरचं इनॅमल पक्कं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. सोबतचे कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनच घ्या. साध्या सिरॅमिक डिस्क गरम होतात आणि किंमत बदलतात.

अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर : फेराइट. वेढे ठरवताना दोन हिशेब करायचे आणि ज्याने जास्त वेढे निघतात तो पाळायचा. एक, ५० ओहमच्या बाजूच्या वेढ्यांचा रिअ‍ॅक्टन्स किमान २०० ते २५० ओहम हवा. ए-एल ८८५च्या एफटी-१४०-४३ या ४३ नंबरच्या टोरॉइडवर ४७५ किलोहर्ट्झला दहा वेढे पुरतात, १३७ला अठरा लागतात. दोन, कोअरमधली फ्लक्स घनता, म्हणजे चुंबकत्व किती दाटलं आहे ते. व्होल्टला ४.४४, फ्रीक्वेन्सी, वेढे आणि कोअरचं छेदक्षेत्र यांच्या गुणाकाराने भागा. तीस वॅटला ५० ओहमवर ३९ व्होल्ट. या टोरॉइडचं छेदक्षेत्र ०.७९ चौरस सेंटिमीटर. ४७५ला दहा वेढ्यांत २३ मिलीटेस्ला. तेच दहा वेढे १३७ला ठेवले तर ८१. अठरा केले तर ४५. द्रव्य भरून जाण्याची मर्यादा २९० मिलीटेस्लाच्या आसपास आहे, म्हणून ८१ चालेल असं वाटतं. चालत नाही. कोअरमधली उष्णता फ्लक्सच्या वर्गापेक्षाही वेगाने वाढते, म्हणून मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी कोअर तापतो.

ऐकण्याच्या बाजूचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर : ७३ नंबरचा दोन भोकांचा बायनॉक्युलर कोअर. दोन्ही बाजू एकमेकींपासून सुट्या गुंडाळा, म्हणजे घरच्या अर्थिंगवरचा गोंगाट अँटेनाच्या जमिनीवर चढत नाही. माझ्याकडे एवढ्यानेच ऐकू येणारे बीकन वाढले.

आणि अँटेनाची मोठी कॉइल : तिला कोअरच नाही. तिथे हजारावर व्होल्ट आणि अँपिअरभर करंट असतो. हवा तापत नाही, भरून जात नाही आणि फुकट मिळते.

एक खानदेशी सूचना. दुकानातल्या तक्त्यांत तापमान २५ अंश धरलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४५ अंश असतात, आणि बंद डब्यात त्याहून जास्त. लोहचूर्णाचा कोअर दीर्घकाळ तापत राहिला तर आतलं बाइंडर कायमचं बिघडतं आणि तोटा वाढतच जातो. म्हणून इतरांनी सुचवलेल्यापेक्षा एक माप मोठा टोरॉइड घ्या आणि डब्याला भोकं पाडा.

मोठी कॉइल

५१० मायक्रोहेन्रीसाठी १६० मिलिमीटरचा पांढरा पीव्हीसी पाइप आणि दीड चौरस मिलिमीटरची घरगुती वायर. एकाला एक चिकटून ८० वेढे. कॉइल २४ सेंटिमीटर लांब होते, वायर ४१ मीटर लागते. दहा वेढे जास्तच घाला आणि दर पाच वेढ्यांना टॅप काढा. शेतातला काळा एचडीपीई पाइप मी वापरत नाही, त्यात कार्बन मिसळलेला असतो. बारीक जुळवणीसाठी मोठ्या कॉइलच्या आत फिरणारी लहान कॉइल, म्हणजे व्हेरिओमीटर, मालिकेत जोडा. पाऊस, दव आणि वारा यांनी तारेची कपॅसिटी बदलतच असते. कॉइल प्लॅस्टिकच्या टोपलीखाली झाका आणि चारी बाजूंनी कुंपण घाला. तीस वॅटलाही तारेच्या बुडाशी बाराशे व्होल्ट असतात. गुरं आणि मुलं तिथे पोचता कामा नयेत.

जमीन

इथे खानदेशचं नशीब चांगलं आहे. तापी-गिरणेकाठची काळी चिकण माती ओल धरते आणि वीज चांगली वाहते. पण उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि रोवलेला रॉड भेगेत अधांतरी राहतो. म्हणून एका खोल रॉडवर विसंबू नका. पाइपच्या बुडापासून सगळ्या बाजूंना वायरी टाका, वीतभर खोल, दहा ते वीस मीटर लांब. आधी चार टाका, जुळवणी करा आणि नॅनोव्हीएनएवर बुडाशी फक्त रेझिस्टन्स किती उरतो ते लिहा. मग आठ, मग सोळा. दुप्पट वायरी टाकूनही आकडा दोन ओहमही खाली येईना, की थांबा. बोअरची केसिंग जवळ असेल तर तीही जोडा.

केळीच्या बागेत मात्र उभी तार नको. केळीचं झाड म्हणजे पाण्याचा खांब. पान तारेजवळ डोललं तरी तोटा वाढतो. उघड्या बांधाची जागा शोधा. आणि अकरा हजारची लाइन किंवा डीपी जवळ असेल तर ती जागा सोडून द्या, कितीही सोयीची असली तरी.

डमी लोडवर दोन मिनिटं

एक किलोओहमचे दोन वॅटचे मेटल ऑक्साइड रेझिस्टर वीस समांतर जोडा. ५० ओहम, चाळीस वॅट तयार. सिमेंटचे वायरवाउंड नकोत, त्यांत इंडक्टन्स असतो. आता अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण शक्तीवर दोन मिनिटं सलग चालवा, थांबवा, वीज बंद करा आणि एकेका कोअरला बोट लावा. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर तो कोअर बदला किंवा वेढ्यांचा हिशेब पुन्हा करा. दोन मिनिटं अशासाठी की डब्ल्यूएसपीआर या डिजिटल मोडचं प्रसारण ११०.६ सेकंद अखंड चालतं. मोर्समध्ये बिंदू-रेषांच्या मध्ये थंडावा मिळून तग धरणारे कोअर इथे उघडे पडतात. मग पाच वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटं सोडून, हेच करा.

करंट मोजायला छोट्या ४३ टोरॉइडवर पन्नास वेढे गुंडाळा, त्यावर ५० ओहमचा रेझिस्टर लावा आणि अँटेनाची तार मोठ्या कॉइलच्या खाली, कमी व्होल्टच्या बाजूला, टोरॉइडमधून एकदा ओवा. एका अँपिअरला एक व्होल्ट मिळतो. चाचणीतला सर्वांत भरवशाचा आकडा हाच. वॅटमीटर अ‍ॅम्प्लिफायरमधून काय निघालं ते सांगतो. तारेत काय पोचलं ते हा करंट सांगतो. कोअर बदलल्यावर करंट ०.६ वरून ०.७५ झाला, तर तुम्ही जवळपास दोन डीबी मिळवले.

तारेवर

परवान्यात पट्टा आहे, कोअर थंड आहेत, कुंपण झालं. आता दिवसाउजेडी, भू-तरंगावर, म्हणजे जमिनीलगत जाणाऱ्या लहरीवर, वीस-तीस किलोमीटरवरच्या एखाद्या हॅम मित्राबरोबर पहिली चाचणी करा. दिवसा आयनोस्फिअरचा खालचा थर आकाशातून येणारी लहर शोषून घेतो, म्हणून जे पोचतं ते जमिनीवरूनच पोचतं आणि तासातासाला फारसं बदलत नाही. अँटेना किंवा कोअर यांची तुलना करायला हीच वेळ योग्य. रात्री सिग्नल दूर जातात, पण दर काही मिनिटांनी दहा-दहा डीबी वरखाली होतात. त्यात दोन डीबीचा फरक हरवून जातो.

डब्ल्यूएसपीआर हा अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांनी २००८मध्ये आणलेला मोड या कामाला उत्तम आहे. सहा हर्ट्झ रुंद, आणि कानाला काहीच ऐकू येत नसताना उलगडणारा. ६३० मीटरवर डायल ४७४.२ किलोहर्ट्झ, सिग्नल ४७५.६ ते ४७५.८ मध्ये. संगणकाचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवं, कारण प्रसारण सम मिनिटाच्या सुरुवातीलाच सुरू होतं. आणखी कमकुवत सिग्नलसाठी एफएसटी४डब्ल्यू या तशाच मोडमध्ये अर्ध्या तासापर्यंतचे कालखंड आहेत. संगणक नको असेल तर अतिसावकाश मोर्स पाठवा, एक बिंदू तीन सेकंदांचा किंवा त्याहून लांब, आणि पलीकडे तो स्क्रीनवर डोळ्यांनी वाचा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. वहीत वेळ, तारेतला करंट, बुडाचा रेझिस्टन्स, जमीन ओली की कोरडी, थ्री-फेज लाइट होती की नव्हती, आणि पलीकडून आलेले किमान दहा आकडे लिहा. एखादा आकडा चांगला आला म्हणून कोअर चांगला ठरत नाही, दहांची सरासरी घ्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. मृग लागायच्या आधीपासून विजांचा कडकडाट पूर्ण पट्टा भरून टाकतो, आणि सातपुड्याकडे ढग दिसले की तार कॉइलपासून सोडवून थेट जमिनीला लावायची, रेडिओ बंद असला तरी. माझ्या वहीत गेल्या वर्षीच्या पहिल्या पावसानंतरची नोंद अशी आहे : बुडाचा रेझिस्टन्स ५८ वरून ४१ ओहम, व्हेरिओमीटर पाव फेरा फिरवावा लागला, करंट ०.७२ वरून ०.८५, फिल्टरचे तिन्ही लाल कोअर कोमट.